अमेरिकेत वणव्यावर काम करायचंय? रेड कार्डपर्यंतचा रस्ता, पायरी पायरीने

गेल्या महिन्यात दोन वेगवेगळ्या लोकांनी मला एकच प्रश्न विचारला. ऑनलाइन कोर्स झालेत, सर्टिफिकेटं डाउनलोड करून ठेवलीत, आता आगीवर कधी पाठवतील? दोघांनाही मला सांगावं लागलं की तुम्हाला कोणीच पाठवणार नाही, कारण तुम्ही कुठल्याही संस्थेत नाही. मी स्वतः एक अख्खा सीझन असाच घालवलाय, त्यामुळे त्यांचे चेहरे बघून मला फार वाईट वाटलं. म्हणून हे सगळं क्रमाने लिहून काढतेय. रेड कार्ड म्हणजे वणव्यावर कुठलं काम करायला तुम्ही पात्र आहात हे दाखवणारं कार्ड. मी एका छोट्या ग्रामीण फायर डिपार्टमेंटमध्ये स्वयंसेवक आहे, पगारी नाही. आपल्यातले बरेच जण आता जंगलाला लागून असलेल्या गावांत घरं घेतायत आणि उन्हाळ्यात डोंगरामागे धूर दिसला की आपणही काहीतरी करावं असं वाटतंच, त्यांच्यासाठी हे आहे.

१. आधी ही व्यवस्था चालते कशी ते समजून घ्या

हे वाचायला कंटाळा येईल पण वाचा, पुढचा सगळा गोंधळ इथेच सुटतो.

१९७० च्या शरद ऋतूत कॅलिफोर्नियात एकामागोमाग एक मोठे वणवे पेटले. मदतीला अनेक संस्था आल्या पण त्यांच्या रेडिओ फ्रिक्वेन्सी वेगळ्या, पदांची नावं वेगळी, एकच शब्द दोन ठिकाणी दोन अर्थांनी वापरला जायचा. त्यातून पुढे इन्सिडंट कमांड सिस्टिम जन्माला आली, म्हणजे सगळ्या संस्थांनी एकाच रचनेत, एकाच भाषेत काम करायची पद्धत. आणि १९७६ मध्ये नॅशनल वाइल्डफायर कोऑर्डिनेटिंग ग्रुप स्थापन झाला, ज्याला सगळे एनडब्ल्यूसीजी म्हणतात. यात फॉरेस्ट सर्व्हिस, ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, नॅशनल पार्क सर्व्हिस, फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिस, ब्युरो ऑफ इंडियन अफेअर्स अशी फेडरल खाती आहेत, राज्यांच्या वनाधिकाऱ्यांची संघटना आहे, आदिवासी राष्ट्रांची इंटरट्रायबल टिंबर कौन्सिल आहे आणि फायर चीफ लोकांची संघटनाही आहे. म्हणजे हे मुळातच भागीदारीतून उभं राहिलेलं काम आहे.

आता नीट लक्ष द्या. एनडब्ल्यूसीजी फक्त मानक ठरवते, म्हणजे कुठल्या पदाला कुठले कोर्स, किती फिटनेस, कुठला अनुभव लागतो ते. हे सगळं पीएमएस ३१०-१ नावाच्या दस्तऐवजात आहे आणि तो फुकट वाचायला मिळतो. कार्ड मात्र एनडब्ल्यूसीजी देत नाही, कार्ड देते तुमची संस्था. शिकवणारा तिसराच कोणी असू शकतो, जसं की राज्याचं वनखातं किंवा एखादं कम्युनिटी कॉलेज. मानक एकाचं, वर्ग दुसऱ्याचा आणि सही तिसऱ्याची असा हा प्रकार आहे, आणि नवा माणूस हमखास वर्गापासून सुरुवात करतो. सुरुवात सहीपासून करायची असते.

आणखी एक गोष्ट, ३१०-१ मध्ये लिहिलंय ते किमान आहे. तुमची संस्था त्याच्यावर स्वतःच्या अटी घालू शकते, तेव्हा त्यावरून चीफशी वाद घालू नका.

२. संस्था शोधा

रस्ते साधारण चार आहेत.

सगळ्यात जवळचा म्हणजे गावातलं स्वयंसेवी फायर डिपार्टमेंट. दुसरा राज्याचं वनखातं किंवा राज्याची फायर एजन्सी. तिसरा फेडरल सीझनल नोकरी, जिचे अर्ज यूएसएजॉब्स या सरकारी नोकऱ्यांच्या साइटवर निघतात, आणि इथे स्पष्ट सांगते की त्यासाठी अमेरिकन नागरिकत्व लागतं आणि वय १८ पूर्ण लागतं. चौथा म्हणजे खाजगी कंत्राटदारांचे क्रू.

व्हिसावर असाल तर जरा थांबा. काही स्वयंसेवी डिपार्टमेंट प्रत्येक कॉलला थोडे पैसे देतात आणि मोठ्या आगीवर पाठवलं तर तासाप्रमाणे पगार मिळतो. तुम्ही स्वतःला स्वयंसेवक म्हणवत असलात तरी वर्क व्हिसाच्या दृष्टीने ते दुसरीकडचं काम धरलं जाऊ शकतं, त्यामुळे पहिली सही करायच्या आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा, मित्राला नको.

डिपार्टमेंटच्या चीफला भेटायला गेलात की हे चार प्रश्न नक्की विचारा:

- आपल्याकडे रेड कार्ड कोण देतं, आपण स्वतः की राज्याचं वनखातं?
- राज्याशी आपला चालू करार आहे का, तो शेवटचा कधी रिन्यू झाला?
- माझ्या कोर्सची नोंद कुठल्या सिस्टिममध्ये होणार आणि ती कोण भरतं?
- आपल्या हद्दीबाहेर माणसं पाठवता का?

माझं काय झालं सांगते. मी पहिल्यांदा जिथे नाव नोंदवलं तिथे मला सांगितलं की हो हो, कार्ड मिळेल. मी सगळे कोर्स केले, पॅक टेस्ट (पाठीवर वजन घेऊन चालायची फिटनेस चाचणी) पास केली, आणि जूनमध्ये कळलं की राज्याबरोबरचा त्यांचा करार संपून दोन वर्षं झालेली आणि नोंदी ठेवणारं माणूसच सोडून गेलेलं. कोणाचा वाईट हेतू नव्हता, छोट्या ठिकाणी एकच माणूस दहा कामं करत असतो. पण माझा सीझन गेला तो गेलाच. वरचा दुसरा प्रश्न विचारला असता तर पाच मिनिटांत समजलं असतं.

३. कागदपत्रं एका फोल्डरमध्ये जमवा

- सरकारी फोटो ओळखपत्र
- फेमाचा (अमेरिकेची आपत्ती व्यवस्थापन संस्था) स्टुडंट आयडी नंबर, ज्याला एसआयडी म्हणतात
- प्रत्येक कोर्सचं सर्टिफिकेट, पीडीएफ आणि छापील दोन्ही
- फील्ड डेची, म्हणजे प्रत्यक्ष जमिनीवरच्या सरावाची, सही असलेला कागद
- आरोग्याची प्रश्नावली, आणि डॉक्टरांनी तपासलं असेल तर त्यांचं पत्र
- पॅक टेस्टचा निकाल, तारखेसह
- आणीबाणीत कोणाला कळवायचं ती माहिती

सर्टिफिकेटवरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव एकच असू द्या. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे येतं, कधी येत नाही, आणि मग एकाच माणसाच्या दोन नोंदी तयार होतात. त्या जोडायला मला तीन आठवडे लागले.

४. ऑनलाइन कोर्स

सगळ्यात खालचं पद म्हणजे फायरफायटर टाइप २. त्यासाठी आयसीएस-१००, आयएस-७००, एल-१८०, एस-१९० आणि एस-१३० हे पाच लागतात. पहिले दोन आपत्तीत काम कसं वाटलं जातं त्याबद्दल आहेत, फेमाच्या साइटवर फुकट, एका शनिवार-रविवारी होतात. एस-१३० म्हणजे फायरफायटरचं मूलभूत प्रशिक्षण. बाकीचे वाइल्डलँड फायर लर्निंग पोर्टलवर मिळतात.

एस-१९० म्हणजे आग कशी वागते. हा घाईने उरकू नका. इंधन, हवामान आणि जमिनीचा चढउतार या तीन गोष्टींवर सगळं चालतं. चढावर आग वेगाने का धावते तर ज्वाळा वरच्या गवताला आधीच तापवून कोरडं करतात. दुपारी हवेतली आर्द्रता खाली येते आणि बारीक काडी-गवत तासाभरात पेट घेण्याजोगं होतं, जाड ओंडक्याला मात्र तेवढं कोरडं व्हायला कित्येक दिवस, आठवडे लागतात. हे एकदा डोक्यात बसलं की तुम्ही साधा डोंगर पण वेगळ्या नजरेने बघायला लागता.

एल-१८० माणसांबद्दल आहे आणि मला वाटतं सगळ्यात महत्त्वाचा हाच. ६ जुलै १९९४ ला कोलोरॅडोत ग्लेनवूड स्प्रिंग्जजवळ साउथ कॅन्यन आगीत १४ जण गेले. नंतरच्या चौकशीत दिसलं की आगीवर काम करण्याच्या १० स्थायी आदेशांपैकी ८ पाळले गेले नव्हते किंवा त्यांच्याशी तडजोड झाली होती. हे १० आदेश १९५७ पासून आहेत, सगळ्यांना माहीत होते. माहीत असूनही थकलेला, घाईत असलेला, वरिष्ठांपुढे गप्प राहणारा माणूस काय करतो हे त्यानंतर गांभीर्याने शिकवायला लागले. आपल्याकडे मोठ्यांना उलट बोलायचं नाही हे लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं, म्हणून आपल्या लोकांना तर खास सांगते, काही चुकतंय असं वाटलं तर रेडिओवर बोला. काम नाकारायची सुद्धा रीतसर पद्धत आहे आणि ती पॉकेट गाइडमध्ये, म्हणजे आगीवर खिशात ठेवायच्या एनडब्ल्यूसीजीच्या छोट्या पुस्तकात, छापलेली आहे.

५. फील्ड डे: हा चुकवला तर एस-१३० पूर्ण होत नाही

सगळ्यात जास्त लोक इथे फसतात. ऑनलाइन भाग संपला की स्क्रीनवर अभिनंदन येतं आणि वाटतं झालं. झालेलं नसतं. एक दिवस, कुठे कुठे दोन दिवस, प्रत्यक्ष जमिनीवर काम करून दाखवावं लागतं आणि तिथल्या प्रशिक्षकाची सही लागते. हे वर्ग बहुतेक वसंतात होतात आणि जागा पटकन भरतात, म्हणून ऑनलाइन कोर्स सुरू करायच्या आधीच फील्ड डेची तारीख पक्की करा.

तिथे पुलास्की आणि मक्लाउड ही अवजारं हातात येतात. पुलास्कीला एका बाजूला कुऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूला कुदळीसारखं पातं असतं, मक्लाउड म्हणजे जाड दातांचा दंताळं-खुरपं असा एकत्र प्रकार. आग अडवणारी रेषा, म्हणजे फायरलाइन, खणायची म्हणजे पालापाचोळा, मुळं, काळी कुजलेली माती सगळं बाजूला सारून खालची निखळ खनिज माती उघडी करायची, कारण तिच्यात जळण्यासारखं काही नसतं. एक मूळ जरी रेषेच्या आरपार राहिलं तरी आग त्यातून धुमसत पलीकडे जाऊ शकते. दोन माणसांत १० फूट अंतर ठेवायचं. हे मोडलं की प्रशिक्षक लगेच सगळ्यांना थांबवतात आणि बरोबरच करतात.

दुपारनंतर आम्हाला विझलेल्या भागात आणलं. हातमोजा काढायचा, हाताची मागची बाजू राखेच्या वर धरायची, ऊब लागत नसेल तर हळूहळू खाली न्यायची आणि मग हाताने चाचपत पुढे सरकायचं. तळवा का नाही, तर भाजला तर अवजार धरता येणार नाही. मी एका जळक्या बुंध्याजवळ बसले होते, वर सगळं पांढरं, थंड, धुराचा मागमूस नाही, आणि बुंध्याच्या मुळाशी हात नेला तर एकदम चटका बसेल अशी ऊब. खणून बघितलं तर आत लाल निखारा होता. ती आग विझून चार तास झाले होते. विझली म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं.

फायर शेल्टर, म्हणजे आगीत अडकलात तर शेवटचा उपाय म्हणून आत शिरायचा घडीचा छोटा तंबू, तो उघडायचा सराव पण इथेच होतो. सरावासाठी वेगळे शेल्टर असतात, कमरेचा खरा शेल्टर उघडायचा नाही. वारा असताना सराव करायला मिळाला तर आवर्जून करा, शांत हवेत सोपं वाटतं ते वाऱ्यात अजिबात सोपं नसतं.

६. पॅक टेस्ट

४५ पौंड, म्हणजे साधारण २० किलो, पाठीवर घेऊन ३ मैल सपाट रस्त्यावर ४५ मिनिटांच्या आत चालायचं. पळायचं नाही, जॉगिंग पण नाही, पळालात तर बाद. हा सगळ्यात कठीण स्तर आहे आणि टाइप २ ला हाच लागतो. ४००० फुटांच्या वर टेस्ट असेल तर उंचीप्रमाणे थोडे सेकंद जास्त मिळतात. दर वर्षी द्यावी लागते.

हिशोब सरळ आहे, १५ मिनिटाला एक मैल. पण मी सांगते, दुसऱ्या मैलाला पोटऱ्यांच्या पुढच्या बाजूला, नडगीच्या हाडालगत जी आग होते ती कोणी सांगत नाही. ती वेगात चालायची सवय नसल्यामुळे होते, दमामुळे नाही. उपाय एकच, निदान सहा आठवडे आधीपासून चालायला लागा, पहिले दोन आठवडे पाठीवर काही न घेता फक्त वेग आणा, मग १५ पौंड, मग २५, आणि शेवटी पूर्ण वजन. बूट तेच वापरा जे त्या दिवशी घालणार. वजन खांद्यावर न लोंबता कमरेच्या पट्ट्यावर बसलं पाहिजे.

आरोग्याच्या प्रश्नावलीत खरं लिहा. या टेस्टमध्ये माणसं दगावलेली आहेत. छातीत दुखतं, घरात हार्टचा इतिहास आहे, बीपीची गोळी चालू आहे, हे लपवून काही मिळत नाही. डॉक्टरांना दाखवून मग टेस्ट दिलीत तर फार तर महिना उशीर होईल.

७. सामान

हेल्मेट, गॉगल, शेल्टर, न पेटणाऱ्या कापडाचा पिवळा शर्ट आणि पँट, पॅक हे सहसा डिपार्टमेंट देतं. बूट तुमचे. पूर्ण चामड्याचे, निदान ८ इंच उंच, लेसवाले, न वितळणाऱ्या आणि न घसरणाऱ्या तळव्याचे. स्टीलच्या टोचे घेऊ नका, तापतात. नवे बूट घालून पहिल्या आगीवर जाऊ नका. आतले कपडे सुती किंवा लोकरीचे, कारण जिमचे नायलॉन-पॉलिएस्टरचे कपडे उष्णतेने वितळून कातडीला चिकटतात. चामड्याचे हातमोजे, डोक्याला लावायचा दिवा, कानाचे बोळे, भरपूर पाणी, आणि पॉकेट गाइड खिशात. पॉकेट गाइड पीडीएफ म्हणून फुकट आहे पण छापील जवळ ठेवा, फोनची बॅटरी जातेच.

८. कार्ड मिळालं, आता टास्क बुक

कार्डावर तुमचं नाव, पद आणि मुदत असते. टाइप २ म्हणून एक-दोन सीझन मन लावून काम करा, घाई नको. पुढचं पद टाइप १, त्याला एस-१३१ कोर्स आणि पोझिशन टास्क बुक लागतं. टास्क बुक म्हणजे कामांची वही, प्रत्येक कामापुढे ते तुम्ही प्रत्यक्ष करून दाखवलं अशी पात्र मूल्यमापकाची सही. काही कामं सरावात किंवा नियोजित जाळणीत (योजना आखून मुद्दाम लावलेली आग) दाखवली तरी चालतात, काही खऱ्या वणव्यावरच दाखवावी लागतात, पुढे अक्षरात कोड दिलेला असतो तो बघा.

सापळा असा की लोक आगीवरून घरी येतात आणि मग मूल्यमापकाला ईमेल करत बसतात. तो माणूस तोवर तिसऱ्या राज्यात असतो. शिफ्ट संपली की त्याच रात्री, गाडीच्या बॉनेटवर वही ठेवून सही घ्या. पहिल्या दिवशी सकाळीच सांगून ठेवा की माझी वही उघडी आहे, म्हणजे ते तुम्हाला तशी कामं देतात.

इमारतींच्या आगीचं सर्टिफिकेट आधीपासून असेल तर चांगलंच आहे, पण त्याने वणव्याची पात्रता आपोआप मिळत नाही. काही कौशल्यं धरली जातात, काय काय धरलं जाईल ते राज्याकडून लेखी घ्या.

९. तुमचं डिपार्टमेंट छोटं असेल तर भागीदारी अशी जमवा

हा भाग चीफ आणि ट्रेनिंग बघणाऱ्यांसाठी. आमच्याकडे सात माणसांना फील्ड डे हवा होता आणि सातसाठी कोणी वर्ग घेत नव्हतं. शेजारच्या दोन डिपार्टमेंटना फोन केला, त्यांच्याकडे पाच आणि नऊ होते. एकवीस झाल्यावर राज्याच्या वनखात्याने प्रशिक्षक दिला, एका शेतकऱ्याने पडीक जमीन दिली, अवजारं तिघांची मिळून. एवढं सोपं असेल असं मला वाटलं नव्हतं, फक्त कोणीतरी फोन उचलायला हवा होता.

मुख्य प्रशिक्षकाची पात्रता आधी तपासा. कुठला कोर्स कोणी घ्यावा याचं एनडब्ल्यूसीजीचं वेगळं मानक आहे, अनुभव कितीही असला तरी त्यात बसत नसलेल्या माणसाने वर्ग घेतला तर सर्टिफिकेटं धरली जात नाहीत आणि एकवीस लोकांचा दिवस फुकट जातो.

तिघांमध्ये कोण काय देणार, कोणाला लागलं तर विमा कोणाचा, नोंदी कोण ठेवणार, हे दोन पानांत लिहून सह्या करा. तोंडी ठरलेलं चीफ बदलला की संपतं.

पैशासाठी फॉरेस्ट सर्व्हिसचं एक अनुदान आहे जे राज्याच्या वनखात्यामार्फत स्वयंसेवी डिपार्टमेंटना मिळतं, १०,००० पेक्षा कमी वस्तीच्या भागांसाठी. निम्मा वाटा तुम्हाला उचलावा लागतो. प्रशिक्षण आणि सामान दोन्हीला चालतं. अर्जाची तारीख राज्यागणिक वेगळी असते.

आणि अनुभव हवा असेल तर ट्रेक्स बघा. २००८ पासून नियोजित जाळणीवर हे प्रशिक्षण होतं, नेचर कन्झर्व्हन्सी आणि फेडरल खाती मिळून चालवतात. फेडरल क्रूचे लोक, स्वयंसेवक, विद्यार्थी, आदिवासी समाजातले जाळणी करणारे, जमीनमालक सगळे एकाच तुकडीत काम करतात. बायकांसाठी वेगळी सत्रंही होतात. फ्लोरिडातल्या टॅलाहासीत १९९८ पासून नियोजित जाळणीचं खास प्रशिक्षण केंद्र पण आहे. खऱ्या वणव्यावर शिकायला वेळ मिळत नाही, तिथे काम उरकायचं असतं. नियोजित जाळणीत मात्र तुम्ही हवामान बघून, योजना वाचून, सावकाश प्रश्न विचारत शिकता, म्हणून मी प्रत्येक नव्या माणसाला आधी तिकडे ढकलते.

१०. दर वर्षी

आरटी-१३० ही वार्षिक उजळणी आणि पॅक टेस्ट, दोन्ही झाल्याशिवाय त्या वर्षी तुम्हाला फायरलाइनवर पाऊल ठेवता येत नाही. आम्ही मार्चमध्येच उरकतो. पद टिकवायला ते काम ठराविक वर्षांत निदान एकदा करावं लागतं, बहुतेक पदांना ५ वर्षं, हवाई कामाच्या पदांना ३. आपल्या नोंदीचा प्रिंटआउट वर्षातून एकदा मागून घ्या आणि स्वतः तपासा.

त्याच दिवशी शेल्टर बाहेर काढून बघा. शेल्टर पारदर्शक पिशवीत असतो, पिशवी उजेडात धरा. आत चंदेरी-करडा चुरा साचलेला दिसला तर घड्यांवरचा अॅल्युमिनियमचा थर घासला जातोय, तो शेल्टर तिथेच परत करा आणि दुसरा हातात मिळाल्याशिवाय पॅक बंद करू नका.